खालचा पाना

उंद्री, ७ जुलै १९६८

ती. रामभाऊ यांना,

दयारामचा नमस्कार. फौजेतून सुटून वर्ष झालं तरी या पठ्ठ्याने कार्ड टाकलं नाही आणि आज काम पडलं तर शाई सापडली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. गरज सरो आणि वैद्य मरो असा मी नाही, पण गरज पडल्यावरच वैद्याचं घर आठवतं एवढं मात्र खरं.

काम राघूचं आहे. तुम्ही आणि कचरूदादाने मिळून चिखलीच्या गॅरेजात जिची मशागत केली ती किसनरावांची हिरवी, बुटकी, दोन माणसांची विलायती गाडी. त्यांचे थोरले अर्जुनराव तिच्यात गेले त्याला आता सात वर्षं होतील. तेव्हापासून ती किसनरावांच्या छकड्यांच्या गोठ्यात कडब्याच्या आड उभी आहे. आता धाकटे भगवानराव नागपूरहून शेतकीचं शिकून आलेत आणि त्यांनी हट्ट धरलाय की भावाची गाडी पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली चालवत न्यायची. किसनराव आधी म्हणाले, "कचरूच्या भावाचा हात माह्या गाडीले लागू नाही देनार." पण चिखली, मेहकर, खामगाव, कुठलाच मिस्त्री तिला हात लावायला तयार होईना, तेव्हा मलाच बोलावणं आलं.

मी का गेलो ते तुम्हाला सांगतो, कारण दादाचे भागीदार तुम्हीच होता. सगळं गाव म्हणतं, कचरूने तेलाच्या नळीचा नट ढिला ठेवला, तेल उडून समोरच्या काचेवर आलं आणि बोथ्याच्या घाटात अर्जुनरावांना वळण दिसलं नाही. दादा त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पाना हातात घेणं सोडलं आणि वर्षात गेला. मी तेव्हा आसामात होतो, मातीलासुद्धा आलो नाही. जनकावहिनी अजून या गावातून खालमानेने चालते. पोळा फुटला की किसनरावांची जोडी दारोदार पूजेला थांबते, आमच्या दारावरून मात्र सरळ पुढे हाकलतात. तेव्हा तिच्या हातात पुरणपोळीचं ताट असतं, रामभाऊ. दरवर्षी ती ताट करते आणि दरवर्षी घरात परत नेते.

मला तो नट माझ्या डोळ्यांनी पाहायचा आहे. दादाची चूक असेल तर मी मान्य करीन. नसेल तर गावाला करायला लावीन.

आता कामाचं. तेल थंड करायची जाळी पुढे आहे, तिच्यापासून इंजिनापर्यंत दोन नळ्या, वर तारेची वीण असलेल्या रबराच्या. रबर वाळून लाकूड झालंय. नव्या नळ्या मुंबईहून मागवल्या आहेत. पण जुन्यांचे नट गंजून असे बसलेत की हलायचं नाव नाही. तुम्ही त्या गाडीत डोकं घातलेलं आहे, युक्ती कळवा.

तुमचा,
दयाराम


खडकी, १५ जुलै १९६८

चि. दयाराम यास,

रामरावाचा आशीर्वाद. तुझं अक्षर पाहिलं आणि क्षणभर कचरूचंच वाटलं. तुम्हा दोघांचा 'र' सारखा आहे.

तू विचारलं म्हणून सांगतो, नाही तर मी सांगितलं नसतं. ती गाडी सोड. भगवानरावांना म्हणावं, पोळा बैलांचा असतो, मोटारींचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कचरू देवमाणूस होता, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. नट पाहून त्यात काय भर पडणार आहे?

तरी करणारच असशील तर नीट ऐक. जाळीची मान पितळेची आहे, पातळ. नुसता नट फिरवायला गेलास तर मानच पिळून तुटेल आणि तशी जाळी या देशात मिळायची नाही. दोन पाने लागतात. एक माणूस गाडीखाली उताणा पडून खालच्या पान्याने मान धरतो, दुसरा वरून नट फिरवतो. खालच्याला वरचं दिसत नाही, वरच्याला खालचं दिसत नाही. म्हणून हे काम एकट्याने करू नये. कुणी विश्वासाचा माणूस घे.

आणि आधी चारी नटांवर तारेचा ब्रश मार. गंज, रंग, जे असेल ते सगळं साफ काढ. मग दोन दिवस रॉकेल मुरू दे.

वहिनींना माझा नमस्कार सांगू नकोस. उगाच जुनं निघतं.

तुझा,
रामराव


उंद्री, २४ जुलै १९६८

ती. रामभाऊ यांना,

नमस्कार. तुमची युक्ती कामाला आली, पण अर्धी. ब्रश नाही मारला. फौजेत आम्हाला शिकवलं होतं, पुसण्याआधी पाहावं. आणि पाहिलं ते बरं झालं, कारण चारी नटांवर लाल रंगाची रेघ आहे, नटावरून सरळ मानेवर उतरलेली. ती तुमच्या हातची. दादा मला सांगायचा, "आवळायचं दोघांनी, पन खूण करायची रामभाऊनं. त्यानं रेघ मारली म्हनजे सरकारी शिक्का." ती पाहून जीव गलबलला.

विश्वासाचा माणूस म्हणाल तर कोणी येत नाही. गाडीखाली आडवं व्हायचं म्हटलं की एकाची पाठ धरते, दुसऱ्याच्या घरी पाहुणे येतात. म्हणून मी एकट्यानेच जुगाड केलं. खालचा पाना मानेवर बसवला आणि त्याची दांडी चौकटीला दोरीने बांधली. रॉकेल पाजलं, हातोडीने हळूहळू ठोकलं, आणि इंजिनाकडचे दोन व जाळीचा डावा असे तीन नट तीन दिवसांत सोडले.

आता चौथा. जाळीच्या उजव्या बाजूचा. हाच तो नट, रामभाऊ. पंचनाम्याला गेलेले लोक अजून सांगतात की हा बोटाने फिरत होता. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा बाकीच्या तिघांसारखाच हाही गंजून बसला असेल असं धरून चाललो होतो. पण नाही, खरंच बोटाने फिरला. पाव आटा फिरवला आणि परत जागेवर आणून ठेवला. तुमची लाल रेघ त्याच्यावर सरळ होती, न तुटलेली. हे कोडं मला सुटेना. रस्त्याच्या हादऱ्याने नट ढिला झाला असता तर तो फिरला असता आणि रेघेचे दोन तुकडे झाले असते. रेघ सरळ आहे म्हणजे खूण केली तेव्हाच तो असा होता. पण ढिल्या नटावर तुम्ही खूण कराल, हे तर होणं नाही. तुम्हीच सांगा काय समजायचं.

विचार करत जेवायला गेलो. परत आलो तर नट घट्ट. बोटाने नाही, पान्यानेही हलेना. दुपारभर झोंबलो. माझ्याच हातून उलटा फिरला असेल म्हणून स्वतःला चार शिव्या घातल्या.

एक गंमत सांगतो. घाम पुसायला थांबलो तेव्हा लक्षात आलं की खालच्या पान्याची दोरी केव्हाच सुटून खाली पडली आहे. तरी पाना मानेवर पक्का होता, तसूभर हलत नव्हता. गंजाने पकडला असेल.

तुमचा,
दयाराम


खडकी, ३० जुलै १९६८

चि. दयाराम,

पत्र पोचलं. रेघेचा फार विचार करू नकोस. रंग सात वर्षांचा आहे, वाळून सरकतो, फसवतो. अशा रंगावरून काही ठरवता येत नाही.

त्या नटाशी झोंबू नको. ब्लोलॅम्प घे, लाल होईपर्यंत तापव आणि छिन्नीने कापून टाक. जाळी गेली तर जाऊ दे. जाळी बाजूला टाकून, इंजिनाच्या दोन्ही तोंडांना एकच नळी जोडूनही गाडी दहा-वीस मैल चालते. पोळ्याच्या तोरणापर्यंत तेवढं पुष्कळ झालं.

कापलेला तुकडा ठेवू नकोस. विहिरीत टाकून दे.

रामराव


उंद्री, ६ ऑगस्ट १९६८

ती. रामभाऊ यांना,

नमस्कार. आयुष्यभर "सामान वाचवून काम करा" म्हणणारा माणूस मला "काप आणि विहिरीत टाक" म्हणतो, म्हणजे तिकडे तब्येत बरी नसणार. खडकीची हवा मानवत नसेल तर चार दिवस इकडे या. वहिनीच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला की माणूस ठिकाणावर येतो.

नट कापला नाही. कापवत नाही. आता जे लिहितो ते वाचून दयाराम फौजेत डोक्याला मार लागून आला असं म्हणू नका. मी शुद्धीत आहे आणि दारू मला चालत नाही.

नट रोज आवळला जातोय. मी नाही, दुसरं कोणी नाही. गोठ्याची किल्ली किसनरावांच्या कमरेला असते. पहिल्या दिवशी खात्री करायला मी नटावर आणि मानेवर खडूने एक बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी किसनरावांनी कुलूप काढलं, मी पाहिलं तर नटावरची खूण पुढे गेलेली, आवळायच्या दिशेने, गव्हाच्या दाण्याएवढी. तिसऱ्या दिवशी आणखी एक दाणा. तुमची लाल रेघ आता तुटली आहे, नटावरचा तुकडा एकीकडे आणि मानेवरचा दुसरीकडे.

शनिवारी मी भगवानरावांना बोलावून दाखवलं. ते शिकलेले, म्हणाले, "उन्हानं धातू फुगत असन." श्रावणात कसलं आलंय ऊन? आठ दिवस झड लागून आहे.

आणि तो खालचा पाना. मी तो काढून खोक्यात ठेवतो. वरून जोर लावायच्या आधी मी तो पुन्हा बसवतो, दोरीने बांधतो. जोर लावला की दोरी सैल पडते, कारण तिच्यावर भारच येत नाही. भार दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो. तुम्हाला माहीत आहे रामभाऊ, दोन माणसं पाने लावून काम करतात तेव्हा समोरच्याचा हात आपल्या हाताला कळतो. थकलेला कळतो, चिडलेला कळतो, लक्ष नसलेला कळतो. खालचा हात मला कळला. तो चिडलेला नव्हता. नुसता धरून होता, वाट पाहिल्यासारखा.

मी भ्यालो. आसामात गोळ्या डोक्यावरून गेल्या तेव्हा भ्यालो नाही तेवढा भ्यालो. पाने टाकून बाहेर आलो आणि लिंबाखाली बसून दोन बिड्या ओढल्या. पण सोडून जावंसंही वाटेना.

कळवा काहीतरी.

तुमचा,
दयाराम


(पोस्टकार्ड)

खडकी, १० ऑगस्ट १९६८

काम बंद कर. आजच बंद कर. गाडीला कुलूप घाल. तुला माझी शपथ आहे. सविस्तर मागून.

रामराव


उंद्री, १४ ऑगस्ट १९६८

ती. रामभाऊ यांना,

नमस्कार. कार्ड मिळालं. माझ्या जिवाची तुम्हाला एवढी काळजी, हे वाचून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. (तुम्ही नको म्हणालात तरी नमस्कार सांगितला. ती म्हणाली, "रामभाऊजी त्या दिवसापासून आपल्या घरी आलेच नाहीत रे. त्यांनाबी लय लागलं असन.")

शपथ मात्र मोडली, माफ करा. कालचं ऐका म्हणजे का मोडली ते कळेल.

किसनरावांच्या घरच्या, पुष्पाबाई, अर्जुनरावांच्या आई. या बाई सात वर्षांत आमच्या घरच्या कोणाशी बोललेल्या नाहीत. मी गोठ्यात असलो की त्या तोंड फिरवून जायच्या. पण चार दिवसांपासून दुपारी सूप घेऊन गोठ्याच्या दारात येऊन बसतात आणि मुगाच्या शेंगा सोलतात. बोलत नाहीत. कदाचित लेकाची गाडी उघडी पडलेली पाहून पाय ओढत असतील.

काल दुपारी मी वरून नटाला पाना लावला होता. जोर लावला नव्हता, नुसता लावून उभा होतो. तेवढ्यात बाई एकदम म्हणाल्या, "अरे दयाराम, त्याले उत्तर दे ना."

मी म्हटलं, "कोणाले, काकू?"

"खाली हाय त्याले. किती वेळचा विचारून राह्यला तो, आवळलं का बे, आवळलं का बे म्हनून. तू काऊन बोलत नाही?"

मी वाकून पाहिलं. गाडीखाली कोणी नव्हतं. मातीवर नुसता पाना पडलेला. बाई शेंगा सोलत राहिल्या.

मला आवाज आला नाही, रामभाऊ. हेच मला लागलं. माझा भाऊ असेल तर त्याने मला हाक मारायला नको का? परक्या बाईला ऐकू येतं आणि मला येत नाही. मी त्याच्या मातीला आलो नाही म्हणून का?

या शब्दांचा तुम्हाला काही अर्थ लागतो का? "आवळलं का बे?" दादा मला कधी बे म्हणायचा नाही, दया म्हणायचा. मग तो कोणाला विचारतोय?

पोळा तेवीस तारखेला आहे. किसनरावांनी सांगितलंय, आदल्या दिवसापर्यंत गाडी उभी झाली नाही तर ती भंगारात. मग तो नटही जाईल आणि दादाचं नाव कायमचं तसंच राहील.

तुमचा,
दयाराम


खडकी, १८ ऑगस्ट १९६८

दयाराम,

तो मला विचारतोय.

हे पत्र तीन वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो आणि पेटीत टाकून येतो, नाही तर चौथ्यांदाही फाडीन.

कचरूची चिखलीच्या गॅरेजातली रीत तुला ठाऊक नसेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात लोक बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. कचरू गॅरेजात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या टपाला तेलाचं बोट लावून हेच म्हणायचा. आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. बैलाला जू नाही, गाडीला पाना नाही. लोक हसायचे, मीही हसायचो.

एकसष्टच्या पोळ्याला राघू आमच्याकडे होती, नळ्या बदलायला. आदल्या दिवशी काम पुरं झालं नाही. कचरूने तिला आवतन दिलं आणि दार ओढून घेतलं. पोळ्याच्या दिवशी दुपारी अर्जुनराव दारात उभे. बुलढाण्यावरून खामगावला जायचं, आत्ताच पाहिजे. कचरू नाही म्हणाला. अर्जुनरावांनी मित्राला शब्द दिला होता, ते अजिजीला आले, आणि मीच कचरूला म्हटलं, "एकच नट राह्यला, उरकून टाकू." त्याने माझ्या शब्दासाठी रीत मोडली.

तो खाली गेला, पाना धरला. मी वर. त्या वर्षी आमच्या घरची नवी जोडी पहिल्यांदा तोरणाखाली जाणार होती. लांबून डफडं वाजायला लागलं होतं. मी नट हाताने फिरवून बसवला, पाना लावला, आणि वाटलं की झालं. नाही. हे खोटं आहे. झालं नाही हे मला माहीत होतं. खाली कचरूने विचारलं, "आवळलं का बे?" मी म्हटलं, "हाव, आवळलं." रंगाचा ब्रश घेतला, रेघ मारली आणि सायकलवर बसलो.

मी तोरणाखाली बैल धरून उभा होतो तेव्हा ती गाडी घाटाकडे निघाली होती.

कचरूला कळलं होतं, दयाराम. तूच लिहिलंस ना, समोरच्याचा हात कळतो म्हणून. त्याच्या पान्यावर जोर आलाच नाही. त्याने स्वतःच्या हातावर विश्वास ठेवला नाही, माझ्या शब्दावर ठेवला. नंतर तो मला एकदाच बोलला, "रामा, माह्या हाताले समजलं होतं, मी आयकलं नाही." एवढंच. पंचांसमोर माझं नाव घेतलं नाही. मी वाट पाहिली की तो घेईल. तो वाट पाहत राहिला की मी स्वतः बोलेन. मग मी इथली नोकरी धरली. तो गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मला रडू आलं आणि त्यासोबत बरंही वाटलं. माझ्याइतका नीच माणूस तू पाहिला नसशील.

इथे कारखान्यात मला तिबार म्हणतात. प्रत्येक नट तीनदा तपासतो म्हणून. खूण मात्र दुसऱ्याला करायला सांगतो, माझ्या हाताने लाल रेघ ओढवत नाही. तुला ब्रश मार, तापव, काप म्हटलं ते का, हे आता तुला कळलं असेल.

मी बुधवारी रात्रीच्या गाडीने निघतो. गुरुवारी दुपारपर्यंत उंद्रीत येतो. किसनरावांना मी स्वतः सांगेन. तू आधी काही सांगू नकोस, निदान एवढं तरी माझ्या तोंडाने होऊ दे.

रामराव


खडकी, २८ ऑगस्ट १९६८

चि. दयाराम,

तुला न सांगता निघून आलो, त्याची माफी मागायला लिहितो. ओसरीवर किसनरावांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, ते तू भिंतीला टेकून ऐकलंसच. मला वाटलं होतं म्हातारा मारेल. त्याने हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "सात वर्सं मी त्या बाईच्या दारावून बैल हाकलले." पुढे त्याचा आवाज मला ऐकवेना. मी उठलो आणि सरळ गोठ्यात गेलो.

तू माझ्याआधी तिथे पोचला होतास. गाडीखालून तुझे पाय बाहेर दिसत होते, टाचांना ग्रीस. बरं वाटलं की तू तोंड दाखवलं नाहीस. मला तेव्हा कोणाच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. दारात पुष्पाबाई सूप घेऊन बसल्या होत्या, त्यांनी मला जायला वाट दिली.

मी वरचा पाना लावला. आणि तू खालून विचारलंस, "आवळलं का बे?"

तू मुद्दाम तेच शब्द बोललास. मला राग आला नाही दयाराम, तो तुझा हक्कच होता. आवाजही तू अगदी कचरूसारखा काढलास. मी म्हटलं, "नाही. नाही आवळलं, कचरूभाऊ. तेव्हाही नव्हतं आवळलं." एवढं बोललो आणि सात वर्षांचं सगळं रडू तिथे आलं. हाताने पान्याला नुसता धक्का लागला असेल नसेल, नट लोण्यासारखा सुटला.

मग नवी नळी लावली. उजवा आणि डावा, दोन्ही नट मी आवळले, इंजिनाकडचेही. तू खालून काय धरलं होतंस! कचरूनंतर असा हात मिळाला नाही. शेवटचा आवळून झाल्यावर तू म्हणालास, "आता बसला." त्या दोन शब्दांनी मला जगवलं, दुसऱ्या कशाने जगवलं नसतं.

लांबून वहिनींचा आवाज कानी आला आणि माझी छाती फुटली. मागच्या वाटेने जाऊन चारची एसटी धरली. पोळ्याला थांबायला हवं होतं. मी भित्रा होतो, अजून पुरता सुधारलो नाही. खूण मी केली नाही. तपासून तूच कर.

तुझा अपराधी,
रामराव


उंद्री, ३ सप्टेंबर १९६८

ती. रामभाऊ यांना,

दयारामचा नमस्कार. तुमच्यावर मी रागावलो आहे आणि आणखी बरीच वर्षं रागावणार आहे. ते मी लपवत नाही. पण तुम्ही आलात, हेही मी विसरणार नाही. अपराधी म्हणून सही करू नका, कधी कार्ड टाकाल तर पोस्टमन वाचून हसेल.

पोळ्याचं सांगतो. राघू तोरणाखाली गेली नाही. किसनरावांनीच भगवानरावांना सांगितलं, "आज जू नाही. तिलेबी नाही." आदल्या संध्याकाळी ते स्वतः गोठ्यात आले, तिच्या टपाला तेलाचं बोट लावलं आणि आवतन दिलं. शब्द त्यांना नीट जमेनात, मी सांगितले.

पोळा फुटल्यावर त्यांची जोडी गल्लीत आली. वहिनी दरवर्षीसारखी ताट घेऊन दारात उभी होती, दरवर्षीसारखी मान खाली. बैल थांबले. तिने वर पाहिलं तर कासरा किसनरावांच्या हातात आणि मागे पुष्पाबाई. वहिनीने बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. पुष्पाबाई म्हणाल्या, "जनका, मले बी दे एक घास." दोघी दारातच बसून रडल्या आणि सगळी गल्ली उभी राहून पाहत होती. दुसऱ्या दिवशी किसनरावांनी वहिनीला गोठ्यात बोलावलं, रंगाचा ब्रश तिच्या हातात दिला आणि म्हणाले, खूण तू कर. मी चारी नट तपासले होते. तिने चारी रेघा ओढल्या. रेघा सरळ आहेत.

आता एक सांगायचं राहिलं. ते कसं लिहावं हे कळेना म्हणून एवढे दिवस लागले.

तुम्ही ओसरीवरून उठलात त्याच क्षणी किसनरावांनी मला वहिनीला आणायला पाठवलं. मी तसाच पळत गेलो. ती शेतावर निंदणाला होती, तिकडून घेऊन येईपर्यंत तासभर गेला. आम्ही आलो तेव्हा तुम्ही निघून गेला होता आणि नळ्या बसवलेल्या होत्या.

मी गाडीखाली नव्हतो, रामभाऊ.

पुष्पाबाईंना विचारलं, खाली कोण होतं. त्यांनी शेंगा सोलता सोलताच सांगितलं, "कोन असन? ज्याचं काम अर्धं राह्यलं होतं तो." आणि सूप उचलून घरात गेल्या. त्यानंतर त्या गोठ्याच्या दारात येऊन बसलेल्या नाहीत.

मी गाडीखाली गेलो. खालचा पाना जाळीच्या मानेवर तसाच बसलेला होता. हात लावला तर सहज निघाला. झड सुरू होती, गोठ्यातली सगळी हत्यारं गार पडली होती. तो पाना मात्र कोमट होता, बराच वेळ कोणाच्या मुठीत असल्यासारखा.

मी तो फडक्यात गुंडाळून वहिनीला नेऊन दिला. काय आहे ते सांगितलं नाही. तिने फडकं उघडून पान्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

तुमचा,
दयाराम